पेट्रोलचा धीर

ऑक्टोबर सुरू झाला की आमच्या घाटकोपरात पंखे असून नसल्यासारखे होतात. पाऊस गेलेला असतो, पण त्याची ओल अजून भिंतींत असते, आणि बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. कॉलनीतल्या बायका गाद्या-गोधड्या गच्चीवर टाकतात आणि दुपारभर जिन्यात तापलेल्या कापसाचा वास कोंडून राहतो. मैदानातल्या वाळक्या गवताची कुसळं सलवारीला धरून घरात येतात. या दिवसांचं कौतुक कोणी करत नाही. पावसाळ्याचं करतात, मुंबईत पडते तेवढ्या थंडीचंसुद्धा करतात. ऑक्टोबरला मात्र सगळे एकमुखाने शिव्या घालतात. मीही घालते, फक्त माझं कारण जरा वेगळं आहे.

परवा संध्याकाळी ऑफिसातून रिक्षाने येत होते. असल्फ्याच्या चढावर बाजूने एक गाडी चालली होती, पाच माणसं बसलेली, काचा बंद, म्हणजे एसी सुरू. गाडी दमलेली, तरी चालवणारा गिअर खाली घ्यायला तयार नव्हता. आणि तो आवाज आला. पत्र्याच्या डब्यात चार बारीक खडे घालून हलवावा तसा. किर्र, किर्र, किर्र. रिक्षावाल्याला ऐकू आला नाही, गाडीतल्या पाचांपैकी एकालाही आला नसावा. मला मात्र आला. नॉकिंगचा आवाज मला कुठेही, कितीही गर्दीत ऐकू येतो. तो ऐकला की मला स्वतःची लाज वाटते. चार वर्षं झाली, ती लाज काही कमी होत नाही.

हा कान मला बाबांकडून मिळाला. विक्रोळीच्या बाजूला इंजिनं बनवणारा एक कारखाना होता, आता तिथे काचेच्या इमारती आहेत. बाबा तिथे टेस्ट बेडवर होते. म्हणजे नवं इंजिन लोखंडी चौकटीवर बांधायचं, पूर्ण दमाने पळवायचं, आणि ते काय बोलतं ते ऐकायचं. यंत्रं होती, काटे होते, पण शेवटचा शब्द बाबांच्या कानाचा. कंपनीने सगळ्यांना कानावर घालायला जाडजूड टोप्या दिल्या होत्या. बाकीचे घालायचे. बाबा काढून ठेवायचे. कान झाकले तर नॉक कसा ऐकणार, हा त्यांचा साधा सवाल होता.

मी चौथीत असताना त्यांनी मला कॉलनीच्या गेटजवळ उभं करून हा आवाज ऐकवला होता. कोणाची तरी जुनी फियाट होती. बाबा म्हणाले, "चढावर बघ हं. आता. ऐकलंस?" मी म्हटलं, "कोणीतरी आत नाणी हलवतंय." बाबांनी मला उचलून घेतलं. पुढे दहावीला मला बऱ्यापैकी टक्के मिळाले, पण त्या दिवसाएवढे खूश ते तेव्हाही झाले नाहीत.

मग जेवताना त्यांनी समजावलं होतं. पेट्रोल आणि हवा सिलिंडरमध्ये दाबली जाते. प्लगची ठिणगी पडली की तिने पेटायचं, असा नियम. पण इंजिन तापलेलं असेल, चढ असेल, ओझं असेल, तर ते मिश्रण ठिणगीने लागलेली आग पोचायच्या आतच दुसऱ्या कोपऱ्यात आपोआप भडकतं. आत दणके बसतात. तोच तो आवाज. "आणि पंपावर तो आकडा असतो ना, ऑक्टेनचा? लोक समजतात, मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद. ताकद-बिकद काही नसते. तो पेट्रोलचा धीर असतो. किती दाब सोसून ते गप्प बसेल, एवढंच तो आकडा सांगतो. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला धीराचं पेट्रोल. साध्या इंजिनाला साधं. उगाच मोठा आकडा भरून गाडी काय विमान होत नाही." आई म्हणाली, "भात घ्या आता, गार होतोय." आईचा धीर तेवढाच.

आम्ही बौद्ध. विजयादशमीला आमच्याकडे गाडीची पूजा नसते. कॉलनीत त्या दिवशी सकाळपासून पाण्याच्या बादल्या, झेंडूच्या माळा, बॉनेटवर कुंकवाची बोटं, चाकाखाली लिंबं. बाबा सकाळी पांढरा सदरा घालून वंदनेला जाऊन यायचे आणि मग सदऱ्याच्या बाह्या दुमडून खाली उतरायचे. आमच्या गाडीचं बॉनेट उघडायचे, प्लग काढून पुसायचे. एका वर्षी शेजारच्या सावंतकाकांनी पूजा आटोपल्यावर आपली गाडी सहज पुढे आणली आणि म्हणाले, जरा आयका हो. तिथून ती रीतच पडली. आधी झेंडू, मग कांबळ्यांचा कान. एकेकाला शेजारी बसवून बाबा त्याच्याच गाडीतून असल्फ्याच्या चढावर एक फेरी मारून यायचे आणि निकाल द्यायचे. हिला साधं चालेल. हिला वरचं भरा. हिचा प्लग बदला. कॉलनीत त्यांचं नावच पडलं, कानवाले कांबळे. लोक ते चेष्टेत म्हणत, पण मेकॅनिककडे जाण्याआधी आमची बेल वाजवत.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगते आहे, कारण पुढचं सांगायचं जिवावर येतं.

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी आमच्या जुन्या गाडीला साकीनाक्याला गॅसचं किट बसवून घेतलं. किटवाले फिरोजभाई, एका गाळ्यात तीन गाड्या मावतील एवढीच जागा, पण हात सफाईदार. गाडी गॅसवर पळू लागली. पुढे गॅसच्या पंपावर अशा रांगा लागायला लागल्या की नंबर येईपर्यंत माणसाने गाडीत बसून भाजी निवडावी. मला अंधेरीच्या ऑफिसात वेळेवर पोचायचं असायचं. मी रांग सोडून सरळ पेट्रोलचं बटण दाबायची.

आणि पेट्रोलवर ती किरकिरायला लागली. पवईच्या चढावर पहिल्यांदा ऐकलं. घरी येऊन सांगितलं, "बाबा, गाडी नॉक मारतेय." दुसऱ्या दिवशी बाबा माझ्या शेजारी बसले. त्याच चढावर गाडी अशी वाजत होती की मला दात शिवशिवल्यासारखं झालं. बाबा समोर बघत होते. म्हणाले, "कुठे? काही नाही गं."

"बाबा, आत्ता वाजतेय. आत्ता."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हां. आहे. बारीक आहे. पेट्रोल शिळं झालंय."

ते अगदीच चुकीचं नव्हतं. गॅसच्या गाड्यांत टाकीच्या तळाला पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं, आपल्याकडच्या दमट हवेत त्याचा धीर जातो. त्यांनी टाकी रिकामी केली, ताजं भरलं. गाडी वाजतच राहिली. मग त्यांनी पंप बदलला. मग एक्क्याण्णवचं सोडून पंच्याण्णवचं भरलं. आमच्या वेळी डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवला की ठिणगीची वेळ बदलायची, इथे सगळं डब्यांत बंद करून ठेवलंय, असं ते चिडून म्हणायचे. बदलता येण्यासारखं त्यांच्या हातात एकच उरलं होतं, पेट्रोल. मुलुंडचा पंप, बोरिवलीचा पंप, अंधेरीचा पंप. ऑक्टोबरच्या भर दुपारी पंच्याहत्तरीला टेकलेला माणूस घामाने निथळत गाडी घेऊन उपनगरभर फिरत होता, आणि संध्याकाळी मला शेजारी बसवून विचारत होता, "आता? आता गेला?"

मी म्हणायची, आहे अजून. त्यांचा चेहरा पडायचा. जेवण अर्धं टाकून उठायचे. आई मला स्वयंपाकघरातून डोळ्यांनी दटावायची, आणि मला कळायचं नाही की माझं चुकतंय काय.

कळलं ते विक्रोळीजवळ, हायवेवर. गाडी तेव्हा गॅसवर होती. गॅसचा धीर पेट्रोलपेक्षा खूप मोठा, तिथे नॉकचा प्रश्नच नव्हता, इंजिन लोण्यासारखं चाललं होतं. बाबांना मी गॅसवर टाकलंय हे माहीत नव्हतं. माझ्या लक्षात आलं की ते रस्त्याकडे बघत नाहीत, बॉनेटकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतायत. तिरप्या नजरेने, न चुकता. मला कसला तरी संशय आला आणि मी एक दुष्टपणा केला. काही आवाज नसताना कपाळाला आठी घातली, दात आवळले.

"आला," बाबा लगेच म्हणाले. "ऐकला मी. आला ना आत्ता?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? ते इंजिन ऐकतच नव्हते. किती महिने, किती वर्षं, कोण जाणे. ते माझा चेहरा वाचत होते.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वरही केली नाही.

"तुला आज कळलं होय? कुकरच्या शिट्ट्या मोजायचे ते, आतल्या खोलीतून सांगायचे, तीन झाल्या म्हणून. किती दिवस झाले नाही सांगत. मोबाइल शेजारी वाजतो तरी हलत नाहीत."

"मग बोलली का नाहीस गं?"

"काय बोलू? त्या कानांवर नोकरी केली त्यांनी. त्यांना सांगू, तुमचे कान गेले?" मग तांदळातला खडा बाजूला टाकून म्हणाली, "तू पण नको बोलूस."

तो सगळा महिना मी कशी जगले ते मलाच माहीत. बाबांचा आता एकच ध्यास होता, विजयादशमीच्या आत गाडी शांत झाली पाहिजे. त्या दिवशी सगळी कॉलनी गाड्या घेऊन येणार, आणि आपलीच गाडी वाजत असेल तर कोणत्या तोंडाने दुसऱ्याची ऐकायची? पण खरी भीती ती नव्हती, हे मला दिसत होतं. त्यांना स्वतःलाच स्वतःची शंका आली होती. ते गॅलरीत उभे राहून खालच्या गाड्यांकडे कान द्यायचे. कपाटाच्या पत्र्यावर नखाने टकटक करून बघायचे. मी खोलीत आले की हात मागे घ्यायचे. एकदा मी म्हटलं, "बाबा, सहज डॉक्टरकडे जाऊन येऊ, कान साफ करून." ते माझ्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "माझे कान साफ आहेत. तुझ्या गाडीचं पेट्रोल साफ नाही." मला रागही आला आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही गिळलं.

शेवटी मी गुपचूप फिरोजभाईंना फोन लावला. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि हसले.

"अरे मॅडम, पेट्रोल को क्यूं गाली देते हो? गॅस के लिए टायमिंग आगे किया है ना, उसका एक छोटा डब्बा लगता है. पेट्रोल पे वो बंद होना चाहिए. तुम्हारा चालू रह गया होगा. मेरी गलती. शनिवार को ले आओ, दस मिनिट का काम."

दहा मिनिटांचं काम. महिनाभर माझे वडील उन्हात पंप शोधत होते, ते या दहा मिनिटांसाठी.

मी ते बाबांना सांगायला हवं होतं. आज लिहिताना किती सोपं वाटतं. तेव्हा वाटलं, सांगितलं तर त्यांना कळेल की टायमिंगचा दोष आपल्याला महिनाभर सापडला नाही. टेस्ट बेडवरच्या माणसाला टायमिंगचा नॉक ओळखता आला नाही, म्हणजे कान संपले. मी ठरवलं, शनिवारी ऑफिसच्या नावाखाली गाडी साकीनाक्याला न्यायची, डबा नीट करून आणायची, आणि त्यांना वाटू द्यायचं की त्यांच्या पेट्रोलनेच काम केलं. मला वाटलं, मी फार शहाणी आहे.

गुरुवारी त्यांनी कुठून तरी शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मिळवलं. ते सगळीकडे मिळत नाही. मला म्हणाले, चल, आरेत जाऊ, तिथला चढ बघू. मी अर्धी सुट्टी टाकली.

मरोळकडून आरेत शिरलं की हवा जरा उतरते. झाडांखालून रस्ता, तबेल्यांचा शेणाचा आणि ओल्या गवताचा वास, कडेला पाड्यातल्या बाया काकड्या आणि शिराळी मांडून बसलेल्या. इतर वेळी मी काच खाली करून खोल श्वास घेते. त्या दिवशी मी काचा बंद ठेवल्या. बाबांनी पुढे मागे बघितलं, रस्ता मोकळा होता. "तिसऱ्यातच ठेव," ते म्हणाले. "दाब."

मी पाय दाबला. गाडी चढाला लागली. शंभरच्या पेट्रोलने खरंच पुष्कळ फरक पडला होता. जवळजवळ गेलाच होता आवाज. पण चढाच्या वरच्या टोकाला, जिथे वळण आहे, तिथे तो आलाच. बारीक, पण स्वच्छ. किर्र. किर्र.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ अर्धवट उघडे होते, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि एक हात डॅशबोर्डवर घट्ट दाबलेला. असा चेहरा मी दवाखान्याच्या बाकांवर पाहिला आहे, आत गेलेल्या माणसाची बातमी यायची असते तेव्हा. मला वाटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. शनिवारी सगळं ठीक होणार आहे.

मी हसले.

"गेला?"

"गेला, बाबा. एकदम झकास."

त्यांनी डोळे मिटले. मग एकदम हसायला लागले, मोठ्याने, आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. परतताना त्यांनी गाडी थांबवायला लावून काकड्या घेतल्या, त्या बाईशी उगाच गप्पा मारल्या, मीठ लावून तिथेच दोन खाल्ल्या. माझ्या हातात दिली ती काकडी मी डॅशबोर्डवर ठेवून दिली.

आता ते आपल्या कामाला लागले. नॉक गेला म्हणजे अर्धंच काम झालं, असं त्यांचं म्हणणं. गाडीला नेमका कोणता आकडा लागतो ते शोधलं पाहिजे, उगाच शंभरचं कशाला पाजायचं? एकेक पायरी खाली यायचं, आवाज सुरू होईल तिथे थांबायचं, आणि त्याच्या वरचा आकडा तो आपला. टेस्ट बेडवर असंच करत. हे त्यांनी मला सांगितलं असतं तर मी काहीतरी कारण काढून थांबवलं असतं. पण मी शुक्रवारी ऑफिसात होते. पुरतं ओझं हवं म्हणून त्यांनी सावंतकाकांना, काकूंना आणि त्यांच्या दोन पाहुण्यांना गाडीत घातलं. टाकीत शंभरचं थोडंच उरलं होतं, त्यावर साधं एक्क्याण्णवचं भरलं, एसी लावला, आणि तोच आरेचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये घेतला. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या खेपेला पिस्टन फुटला.

सावंतकाका मला संध्याकाळी गॅरेजमध्ये भेटले तेव्हा अजून घाबरलेले होते. हळूच म्हणाले, "मिया सांगलंय तेंका, कांबळेनू, कायतरी वाजता हा. दोनदा सांगलंय. तर म्हणतत कसे, काय एक नाय, बसा गप."

मेकॅनिकने इंजिन उघडून पिस्टन काढला. बाबांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, कडेवरून अंगठा फिरवला. फार वेळ ते त्या कडेकडेच बघत होते. मेकॅनिक म्हणाला, "अंकल, इतका मार बसला, आवाज नाही आला काय तुम्हाला?"

मी तिथे दोन हात अंतरावर उभी होते. मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं.

"नाही आला," बाबा म्हणाले. पिस्टन त्यांनी फळीवर ठेवला आणि फडक्याला हात पुसले. "कान गेले माझे."

सगळ्यांसमोर म्हणाले, अगदी साध्या आवाजात. मी फिरोजभाईंचा डबा सांगितला, किटमध्ये दोष होता म्हणून सांगितलं. पण गुरुवारचं सांगितलं नाही. आधी वाटलं, घरी गेल्यावर सांगू. मग वाटलं, जरा सावरू देत. मग ते स्वतःहून कानाच्या डॉक्टरकडे गेले, आणि तो आलेख घेऊन आले, डावीकडून सरळ येऊन उजवीकडे कड्यावरून पडल्यासारखी रेघ. डॉक्टर म्हणाले, बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, कारखान्यात होता का? त्यानंतर माझं सांगणं न सांगणं सारखंच, अशी मी स्वतःची समजूत घातली. अशा समजुती फार टिकाऊ असतात. चार वर्षं पुरली.

तेव्हापासून बाबा कोणाची गाडी ऐकत नाहीत. त्याच विजयादशमीला लोक झेंडू लावलेल्या गाड्या घेऊन आले तेव्हा त्यांनी खुर्चीतूनच सांगितलं, माझे कान गेले, सुजूकडे न्या. आणि लोक माझ्याकडे यायला लागले. सुजूताई, जरा कान लावता? दरवर्षी मी एकेकाच्या गाडीत बसते, चढावर फेरी मारते, साधं भरा, वरचं भरा, सांगते. बाबा खाली खुर्ची टाकून बसतात. कानात यंत्र असतं. त्याने चिमण्या ऐकू येतात म्हणतात, पण इंजिन म्हणजे नुसती घरघर.

काल विजयादशमी झाली. सावंतकाकांनी नवी, म्हणजे त्यांच्यासाठी नवी, गाडी घेतली आहे. मी चढावर नेऊन आणली आणि म्हटलं, हिला पंच्याण्णवचं लागेल, साध्यावर नॉक मारतेय. सावंतकाका जरा हिरमुसले, म्हणाले, विकणारो तर बोललो साधा चालता. तेव्हा बाबा खुर्चीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सावंत, ती म्हणते तर आहे. आमच्या सुजूचा कान कधी चुकत नाही."

पंधरा-वीस माणसं उभी होती. कोणीतरी मान डोलावली. मला तिथे उभं राहवेना.

जिना चढताना मी बाबांच्या मागे होते. ते हल्ली पहिल्या मजल्याच्या वळणावर दम खायला थांबतात. तिथे मी त्यांच्या समोर गेले, म्हणजे त्यांना माझे ओठ दिसतील, आणि म्हटलं, "बाबा, त्या वर्षी आरेत, गुरुवारी, आवाज होता. मला ऐकू आला होता. मी खोटं बोलले."

"माहीत आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. मी परत सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"पिस्टन बघितला तेव्हाच कळलं. कड अशी खाल्ली होती, खड्डे खड्डे. एका दिवसात एवढी नाही खात. म्हणजे आवाज महिनाभर गेलाच नव्हता. गुरुवारीही होता."

"मग तुम्ही सगळ्यांना कान गेले म्हणून का सांगितलंत? माझं नाव का नाही घेतलंत?"

"कान गेलेच आहेत की." त्यांनी कठडा धरला आणि एक पायरी चढले. मग थांबले. माझ्याकडे न बघता, खालच्या गाड्यांकडे बघत बोलले. "पण त्या शुक्रवारी मला आला होता गं आवाज. सावंत बोलले त्याच्या आधी. पहिल्याच खेपेला. किती महिन्यांनी आला, अंगावर काटा आला माझ्या. वाटलं, उतरून तुला फोन करावा, सुजू, ऐकू आलं मला."

मी एक पायरी चढून त्यांच्या बरोबरीला आले.

"मग आठवलं, तू आदल्या दिवशी आवाज गेला म्हणालीस. म्हटलं, नुसतं पेट्रोल उतरवून असा नाही येत, काल थोडा तरी असता तर पोरीला आला असता, म्हणजे आपल्यालाच भास होतोय. आणि दाबली गाडी."